धुक्यात अडणारी जेरदे

२८ ऑक्टोबर

पहाटे एका आवाजाने जाग आली. आवाज आजचा नव्हता, माझ्या शाळेच्या दिवसांतला होता. हिवाळ्यात सामूहिक शेतीची लॉरी शाळेच्या खिडकीखाली उभी असायची, आणि ड्रायव्हर पुढून लोखंडी हँडल घालून ती फिरवायचा. घर्र... घर्र... खट्. आत आम्ही कविता म्हणत असू. गुरुजी छडीने टेबलावर ताल धरायचे. तीन ओळी झाल्या की छडी वर तशीच थांबायची, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बाहेरच्या हँडलकडे कान लावायचा. लॉरीने एकदाचा सूर धरला की छडी खाली यायची आणि आम्ही चौथी ओळ ओरडून म्हणायचो. इंजिन आणि कविता हे दोन वेगळे आवाज आहेत, हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही.

अंगणात जाऊन जेरदे सुरू केली. तांबूस घोड्याला आमच्याकडे जेरदे म्हणतात. माझ्या बायकोने, केन्जेने, हे नाव आपल्या पिकअपला दिलं, तेव्हा रंग खरंच तांबूस होता. गाडी तिची. ड्रायव्हर ती होती, मी जर्दाळूच्या बागेचा राखणदार. तिच्या शेजारच्या सीटवर बसून मी डोंगर बघायचो. ती गेल्यावर, म्हातारपणी, मी स्टिअरिंगला हात लावला.

चोक ओढला, चावी फिरवली, लगेच सुरू झाली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. मग आवाज खाली खाली गेला, दोनदा अडखळली, आणि बंद. परत सुरू व्हायला तयार नाही. आठवडाभर रोज हेच चाललं आहे. शेजारी बुरुलकडे जाऊन चहा घेतला, परत येऊन चावी फिरवली, तर काही झालंच नाही अशी सुरू झाली आणि दिवसभर चालली.

हे लिहून ठेवायला आजपासून सुरुवात केली, कारण काल जिपारचा फोन आला. ती माझी एकुलती लेक, बिश्केकला असते. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तो विषय आम्ही काढत नाही. मला, म्हणजे बापाला, ती आके म्हणते, आणि बुरुलसारख्या वडीलधाऱ्या बाईला एजे.

"आके," ती म्हणाली, "फेब्रुवारीत तुम्हाला ताप चढला तेव्हा गाडी अंगणात मेल्यासारखी पडली होती. बुरुल एजेने तुम्हाला गाढवाच्या गाडीत घालून सडकेपर्यंत नेलं. मला हे परत ऐकायचं नाही."

"तेव्हा बॅटरी उतरली होती. आता नवी आहे."

"मग आता बंद का पडते? लपवू नका, गॅरेजवाल्या शायलोच्या बायकोने सांगितलंय मला."

अट अशी ठरली: नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती आणि जावई तालाय येणार. त्या सकाळी थंड गाडी तिच्यासमोर सुरू करायची. न अडखळता तापली, तर मी वसंतापर्यंत इथे राहायचं. बंद पडली, तर घराला कुलूप, गाडी भंगारवाल्याला, आणि मी त्यांच्या पाचव्या मजल्यावर. त्या घराच्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसते. समोरच्या खिडकीतही एक म्हातारा बसलेला असतो. मागच्या खेपेला आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं होतं.

३० ऑक्टोबर

शायलोकडे गाडी नेली. त्याचं गॅरेज खाली सडकेवर. पस्तिशीचा असेल; शायलो म्हणजे निवडणूक, त्या दिवशी जन्मला म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं, आणि तो प्रचारकासारखाच बोलतो. मला तो बेके म्हणतो, सगळं गावच म्हणतं.

"बेके, गाडीला दोनच आजार असतात. एक विजेचा, एक पेट्रोलचा. तिसरा असतो तो मालकाला."

"मला कुठला?"

"तुम्ही गाडीत बसून कविता म्हणता. तिला झोप येते."

त्याच्याकडे बहुतेक परदेशी गाड्या येतात. जेरदे त्याच्या जन्माआधीची. बोनेट उघडून तो बराच वेळ नुसता बघत राहिला, मग चारही प्लग बदलले. दुपारची वेळ होती, ऊन पडलं होतं. गाडी छान चालली. "झालं," म्हणाला.

३१ ऑक्टोबर

सकाळी बंद पडली.

२ नोव्हेंबर

सरोवरावरून धुकं वर आलं होतं. आमचं सरोवर हिवाळ्यातही गोठत नाही; सकाळी त्याच्या पाण्यातून वाफ निघते आणि बागेत येऊन बसते. जेरदे बंद पडली तेव्हा मी चिडून लगेच बोनेट उघडलं आणि हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. केन्जे असं करायची, एवढंच आठवत होतं. पुढे ती काय करायची ते नाही.

आत कार्बोरेटरच्या घशात पांढरं फूल उमललं होतं. खरोखर फूल: बारीक बारीक पाकळ्या, काठाला चांदीसारखी चमक. मी बोट लावलं नाही. जर्दाळूचा पहिला मोहर येतो त्या सकाळी झाडाजवळ जसं उभं राहावंसं वाटतं, तसा उभा राहिलो. दोन ओळी सुचल्या:

लोखंडाच्या कंठामध्ये हिवाळ्याने गाणे ठेवले,
ऐकायाला झुकलो तेव्हा गाणे पाणी होऊन गेले.

दुसरी ओळ खरीच झाली. शायलो येईपर्यंत फूल नव्हतं, चार थेंब होते. "घामेजलीय," असं म्हणून त्याने फडक्याने पुसून घेतलं. फुलाचं मी त्याला सांगितलं नाही. कवितेतली गोष्ट गॅरेजवाल्याला कशाला सांगायची? त्याने पेट्रोलचा पंप उघडून आतला पडदा बदलला.

वाट बघताना चहा अर्थातच बुरुलकडे. ती विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, जिभेने माझ्याहून मोठी. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कुंपण होतं, ते एका हिवाळ्यात आम्ही जाळलं आणि परत घातलंच नाही. निखाऱ्यांवर चहाचं पाणी उकळणारा तिचा समोवार अंगणातच फुरफुरत असतो. त्याच्या धुराड्यावर एक सुरकुतलेली वाकडी नळी आहे, टर्कीच्या मानेसारखी. ती नळी धूर ओढते मात्र झकास.

"काय म्हणते तुमची बायको?" बुरुलने विचारलं. जेरदेला ती असंच म्हणते.

"रुसली आहे."

"पहिलीही रुसायची. पण तिला स्वतःला दुरुस्त करता यायचं."

५ नोव्हेंबर

जिपारने सकाळीच फोन केला. "आके, फोन बोनेटवर ठेवा आणि गाडी सुरू करा. मला ऐकू दे."

ठेवला. जेरदेने तीन ओळी म्हटल्या आणि ती गप्प झाली. मी फोन उचलला. जिपार एकदम म्हणाली, "आके, कुरुत आहे का घरात? बुरुल एजेच्या हातचं? खूप खारट असतं ते?"

म्हटलं, आहे की, पिशवीभर आहे. लहानपणी वाळवलेल्या दह्याच्या या गोळ्या ती थुंकून टाकायची. आता म्हणते, कुणी येणार असेल तर पाठवा, लवकर पाठवा. शहरात सगळं मिळतं, आणि माणसाला हवं असतं ते इथलं. मला बरं वाटलं.

८ नोव्हेंबर

आज मी फसवायला गेलो आणि पकडला गेलो. युक्ती बुरुलची. "आधी चालवून तापवून घ्या," ती म्हणाली, "मग फोन करा. आंधळ्याला घोडा विकायचा तर आवाजावरच विकायचा."

तसं केलं. जेरदे मांजरासारखी गुरगुरत होती. फोन बोनेटवर धरला.

जिपारने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आके, चोक आत आहे."

"कशावरून?"

"थंड गाडी अशी गुणगुणत नाही. मी आईच्या मांडीवर बसून ऐकलंय हे. तुम्ही तेव्हा खिडकीतून डोंगर बघत होता." आणि हसायला लागली. हसता हसता थांबली, म्हणाली "एक मिनिट", आणि फोन कुठेतरी ठेवला. बराच वेळ नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. परत आली तेव्हा आवाज पातळ झाला होता.

"बरं नाही का गं?"

"शेजारी कुणी मटण शिजवतंय. वास सहन होत नाही."

मटणाचा वास सहन न होणारी किरगिझ बाई! शहराच्या धुराने तिचं नाक बिघडलं आहे. मला तिथे न्यायला निघाली आहे, आणि तिथे तिचीच ही गत.

१२ नोव्हेंबर

नवल झालं. आज कडक थंडी, आकाश काचेसारखं, बादलीतलं पाणी गोठलेलं. जेरदे सुरू झाली आणि चारही ओळी न चुकता म्हणून गेली. बंद करून थंड होऊ दिली, पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. माणसं थंडीत आखडतात आणि ही थंडीत खुलते. मी धावत फोन केला.

भर दुपारी फोन तालायने उचलला. सहसा तो बोलत नाही; हळू आवाजात म्हणाला, "ती झोपलीय, आके. उठवत नाही."

"आजारी आहे का?"

"नाही. म्हणजे... नाही."

तो सरकारी कचेरीत नकाशे काढतो. त्याच्याकडून सरळ उत्तर मला कधी मिळालेलं नाही.

१३ नोव्हेंबर

धुकं. बंद पडली.

१४ नोव्हेंबर

धुकं. बंद. शायलोने इग्निशन कॉईल बदलली. "आता वीज संपली, पेट्रोलही संपलं," तो म्हणाला, "आता खरंच मालकच उरलाय." मला त्याचं हसू आलं नाही, त्यालाही नाही आलं. त्याने हात पुसले आणि माझ्याशेजारी गाडीला टेकला. त्याच्या आजोबांनाही मुलांनी असंच शहरात नेलं होतं. ते तिथे वाईट अवस्थेत होते असं नाही, तो म्हणाला. फक्त बोलायचे बंद झाले.

मनात एक विचार आला, तो लिहून टाकतो. गाडी बरी झालीच नाही तर एक होईल: मला काही ठरवावं लागणार नाही. कुणीतरी कुलूप लावेल आणि मी मागच्या सीटवर बसेन. पन्नास वर्षं मी खिडकीतून डोंगर बघितले, रस्ता दुसरंच कुणी बघत होतं. हा विचार चहा येईपर्यंत टिकला. मग बुरुलने नानच्या भाकरीचा तुकडा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "चेहरा कशाला पाडताय? तुम्ही गेलात तर माझ्या चहात साखर जास्त झाली हे मला कोण सांगणार?" त्यानंतर नाही आला.

१६ नोव्हेंबर

जिपारचा फोन. गाडीचं विचारलंच नाही. विचारलं काय, तर आईने तिला ज्या पाळण्यात झोपवलं तो अजून आहे का.

"आहे ना, गोठ्यात आहे," मी सांगितलं. "त्यात कोंबड्या अंडी घालतात."

ती म्हणाली, "आके, कुणाला सांगू नका हां मी विचारलं म्हणून."

सांगण्यासारखं त्यात काय होतं? तरी बुरुलकडे चहा घेताना बोलून गेलो. ती चहा ओतत होती. कप भरून चहा बशीत उतरला तरी तिचा हात थांबेना.

"तुम्ही तिला कोंबड्यांचं सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं."

"बेके," ती म्हणाली, "तुमच्या शाळेत कविता सोडून काही शिकवायचे का?"

१७ नोव्हेंबर

सकाळी बघतो तर बुरुल माझ्या गोठ्यात. कोंबड्यांना हुसकून तिने पाळणा बाहेर काढला होता आणि गरम पाण्याने घासत होती. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, लाकूड कुजायला लागलंय, विकायचा झाला तर स्वच्छ असलेला बरा. कोण विकतंय पाळणा? ती घासत राहिली, गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी पूर्वी ऐकलेलं नाही.

मग हात पुसून माझ्याकडे वळली. "आणि हे आता पुरे झालं. त्या पोरीसाठी गाडी चालू झालीच पाहिजे. ती येईल तेव्हा तिच्यासमोर काही बंद पडता कामा नये. नजर लागलीय गाडीला. उद्या धुरी देते."

२० नोव्हेंबर

तीन दिवसांचं एकदम लिहितो.

अठराला दाट धुकं. बुरुल खोलगट लोखंडी कलथ्यात निखारे घेऊन आली, त्यावर आमच्या डोंगरातल्या सुवासिक आर्चा झाडाच्या डहाळ्या. असा धूर आम्ही पाळण्याभोवती फिरवतो, नव्या सुनेभोवती फिरवतो, प्रवासाला निघालेल्याभोवती फिरवतो. तिने बोनेट उघडायला लावलं आणि कलथा इंजिनवर गोल गोल फिरवायला लागली. "आलास, आलास, सगळं वाईट निघून जावो." आलास हा धुरीचा जुना मंत्र. मी गाडी सुरू केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आवाज खाली यायला लागला. बुरुलने कलथा फिल्टरच्या तोंडाशी नेऊन धरला आणि जोरात म्हणाली, "चल की गं, बये!" जेरदेने धूर नाकात ओढला, शिंकल्यासारखी झाली, आणि चौथी ओळ म्हणून पुढे निघाली. बंद पडली नाही.

बुरुलने कलथा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी टोपी काढली.

एकोणीसला धुकं होतं, आणि बुरुल बाजारात गेली होती. गाडी बंद पडली. संध्याकाळी ती आल्यावर सांगितलं, तर म्हणाली, "बघा."

आज शायलोला बोलावलं, हे दाखवायला. तो हसत आला. "धुरीने गाडी चालते म्हणे! मग मी गॅरेज मुल्लाला देऊन टाकतो." बुरुलने धुरीशिवाय एकदा सुरू करून दाखवायला लावली, बंद पडली. थंड होऊ दिली. मग धुरी देऊन सुरू केली, चालली. शायलोचं हसू थांबलं. त्याने कलथा तिच्या हातातून घेतला, डहाळ्या झटकून टाकल्या, नुसते निखारे ठेवले. गाडी पुन्हा थंड होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग त्याने नुसते निखारे फिल्टरच्या तोंडाशी धरले.

चालली.

"धूर नाही," तो म्हणाला, "ऊब! हिला गरम हवा लागतेय." मग माझ्याकडे वळून, "बेके, ही बंद पडल्यावर तुम्ही कधी आत बघितलंत? लगेच? बर्फ दिसला का आत?"

"बर्फ नाही," मी म्हणालो. "फूल होतं."

त्याने दोन्ही हात जोडले आणि आकाशाकडे बघितलं. धुक्यातली ओली हवा कार्बोरेटरच्या अरुंद घशातून जोरात जाते, तिथे थंड होते आणि बर्फ होऊन चिकटते, घसा बंद होतो. इंजिनची ऊब वर पोचली की बर्फ वितळतो, आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत चोर पसार झालेला असतो. कडक थंडीत हवा कोरडी, म्हणून बर्फ नाही. हे सगळं त्याने मला दोनदा समजावलं. समजलं. फूल तरीही सुंदर होतं.

मग तो इंजिनखाली वाकला. "धुराच्या पाइपवर हे बघा पत्र्याचं टोपरं. इथून गरम हवा फिल्टरकडे न्यायची असते. मधे नळी असणार. कुठंय नळी? हातभर लांब, पत्र्याची, सुरकुतलेली..."

त्याने बोलता बोलता मान वर केली. बुरुलच्या अंगणात समोवार फुरफुरत होता. आम्ही तिघंही एकदम तिकडेच बघत होतो.

"जूनमध्ये!" बुरुल ओरडली. "वरच्या कुरणात जाताना! चढावर गाडी तापली म्हणून यांनीच उपटून मागे टाकली होती. माझ्या समोवारचं धुराडं गाईने तुडवलं, मी म्हटलं ही घेऊ का, तर म्हणाले, घे की, तिचं काय काम आता."

"मी असं म्हणालो?"

"ढगांवर काहीतरी म्हणत होता, मधेच हे म्हणालात."

शायलो गाडीच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "गाडी बंद पडते म्हणून चहा प्यायचा, आणि चहा प्यायचा म्हणून गाडी बंद पडते. असा आजार मी बापजन्मी पाहिला नाही!"

बुरुल मात्र हसली नाही. तापलेली नळी तिने डोक्यावरच्या रुमालाने धरून तिथल्या तिथे उपटली. समोवार धूर ओकायला लागला, आम्ही सगळे खोकत होतो, आणि ती म्हणत होती, "बसवा. आत्ता बसवा. माझ्यासमोर."

२१ नोव्हेंबर

धुकं. जेरदे चालली. इंजिनला आर्चाचा आणि चहाचा वास येतो.

२४ नोव्हेंबर

रोज धुकं, रोज चालते. जिपारला फोन करून खऱ्या थंड गाडीचा आवाज ऐकवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. आवाज स्थिर झाला, मी चोक आत ढकलला, तरी ऐकत राहिली.

"बरी झाली," मी म्हणालो. "जिंकलो ना मी?"

"हो, आके. जिंकलात." मग म्हणाली, "छान वाटतंय ऐकायला." तिच्या आवाजात आनंद होता असं म्हणवत नाही. मला वाटलं होतं की तिला हायसं वाटेल.

बुरुलला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तुम्ही तिला काय विचारलंत?"

"मी काय विचारणार? गाडी तर बरी झाली."

तिने माझ्या चहात साखर टाकली नाही, आणि मी काही बोललो नाही.

२७ नोव्हेंबर

उद्या ती दोघं येणार. आज सकाळी इतकं धुकं आहे की दारातून जर्दाळूचं पहिलं झाडही दिसत नाही. परीक्षेला याहून चांगला दिवस मिळणार नाही, म्हणून रंगीत तालीम केली. चोक ओढला, चावी फिरवली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. नंतरच्या सगळ्या. पुरती तापू दे म्हणून चालूच ठेवली आणि आत येऊन हे लिहायला बसलो. बुरुल माझ्या चुलीवर उद्यासाठी बोरसोक, कणकेच्या फुगऱ्या वड्या, तळते आहे. बागेची या हिवाळ्यातली कामं मनात मांडतो आहे: खालच्या ओळीची छाटणी, मधमाश्यांच्या पेट्यांना वाकळी, केन्जेच्या कबरीची एक बाजू खचली आहे ती. वसंतापर्यंत सगळं होईल.

दार वाजलं. बुरुल इथेच आहे, आणि शायलो दार वाजवत नाही, बाहेरूनच ओरडतो.

नंतर. घाईत लिहितो. बुरुल माझे लोकरीचे कपडे बांधते आहे, तेवढाच वेळ आहे.

दारात तालाय होता. एकटा. पायांत शहरी बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. रात्रीच्या टॅक्सीने सडकेपर्यंत आला आणि तिथून वर चालत. बारा वर्षांत या जावयाने माझ्या उंबऱ्यावर रिकाम्या हाताने पाय ठेवलेला नाही. साखर असो, चहा असो, निदान एक पाव तरी. आज हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"जिपार दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "बरी आहे. दोघंही बरे आहेत."

"दोघं कोण?" मी विचारलं.

माझ्या मागे झारा खाली पडल्याचा आवाज झाला. मी वळलो तर बुरुल तोंडावर हात धरून उभी होती, आणि तिला नवल वाटलेलं नव्हतं. तेव्हा मला समजलं. सगळं एकदम, कुरुतपासून.

"आधी दोनदा सांगितलं होतं सगळ्यांना," तालाय म्हणाला, "आणि दोन्ही वेळा... यावेळी कुणाला सांगायचं नाही म्हणाली, नजर लागते. फक्त आके जवळ पाहिजेत. म्हणून गाडीचं निमित्त. तुम्ही जिंकलात तेव्हा तिला पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. डॉक्टर म्हणतात वसंतापर्यंत उठायचं नाही. ती तुम्हालाच हाक मारतेय."

मी म्हणालो, आत ये, आधी बूट काढ, चहा घे, मी बाहेर जाऊन गाडी बंद करून येतो, उगाच पेट्रोल जळतंय.

त्याने माझा हात धरला. यापूर्वी त्याने कधी धरलेला नाही.

"आके," तो म्हणाला, "बंद करू नका."